येण्याचे तीनशे
मिस्त्रीला बोलावण्याआधी नुसत्या येण्याचे पैसे विचारून घे, असं शेजारणीनं बजावलं होतं. संजीवनीनं हसण्यावारी नेलं. दुष्काळातलं टँकरचं पाणी हौदात होतं, पण आज वर तिच्यासारख्या भाडेकरूंच्या नळाला येईना, म्हणून तिनं मिस्त्री बोलावला. "मोटर ठणठणीत हाय, ताई. कुणी चालूच केली न्हाई. येण्याचे तीनशे द्या." संजीवनी भडकली, "कावून? कशाचे तीनशे? स्क्रू तरी खोलला का? मालकीणबाईंकडून घ्या, मोटर रोज त्याच लावतात!" लेकराला कडेवर घेऊन ती तणतणत मालकीणबाईंचं खालचं दार वाजवायला गेली. आतून कण्हणं ऐकू आलं. मिस्त्रीनं पान्ह्यानं कडी उचकटली. न्हाणीत पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्या मालकीणबाई शुद्धीवर होत्या. "भांडण ऐकलं मी. तीनशे माझ्याकडं. पण मोडलेल्या कडीचे तुझ्याकडं हां, संजीवनी!" संजीवनीला रडता रडता हसू फुटलं. तुमच्याही नळाला आज पाणी नसेल, तर आधी मालकिणीला बघून या.