सदाशिवरावांची दाढ

"अन् हे पोटात गेलं तं?" बेबीताईंनी विचारलं.

"पोटात नाही घ्यायचं आई, हिरडीले लावायचं. तेवढी जागा सुन्न होते," खुशी म्हणाली.

यवतमाळच्या कॉलेजात तिनं स्वतः बनवलेलं बेंझोकेन कागदाच्या पुडीत होतं. एक आम्ल घ्यायचं, त्यात अल्कोहोल, वरून गंधकाम्लाचे थेंब, आणि मंद उकळत ठेवायचं. दोन्ही नीट जुळली की बधिर करणारं औषध तयार. किती अंशाला वितळतं ते पाहून खात्री करायची, तर नेमकी लाईट गेली आणि राळेगावची एसटी सुटायला आली. तिनं चिमूटभर पूड सोबत घेतली, बाकी सरांकडे ठेवली. प्रयोगशाळेतलं असं घरी आणत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दाढदुखीनं बाप आठवडाभर पातळ वरणावर होता. वाघाच्या शिवारात एकटे जाणारे सदाशिवराव दाताच्या डॉक्टरच्या सुईला मात्र भ्यायचे.

शिवाय घरात वेगळंच पेटलं होतं. रविवारी दारव्ह्याचे पाहुणे खुशीला बघायला येणार होते, आणि तिला एम.एस्सी. करायचं होतं.

"तीन वर्सं शिकून काय आलं तुले? बापाची दाढ तरी थांबव," बेबीताई म्हणाल्या.

"थांबली तं शिकू देशीन?" सदाशिवरावांनी मध्येच विचारलं.

"देईन. बोलली ना!"

सदाशिवरावांनी पूड हिरडीला चोळली आणि डोळे मिटून बसले. खुशीचा जीव टांगणीला लागला.

"हा गाल माहाच हाय ना?" ते एकदम हसले. "काहीच नाही लागून राह्यलं. आण वं फुटाणे."

त्याच दाढेखाली त्यांनी मूठभर फुटाणे कडाकड चावले. डोळे भरून आले.

"सुखाचं पाणी हाय, बेबी. पोरीचं औषध लागलं."

बेबीताई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी तिथल्या तिथे स्थळ आणणाऱ्या भावाला फोन लावला. "दादा, पाव्हण्यायले रविवारी येऊ नका म्हना. पोरगी शिकून राह्यली."

खुशी बापाला बिलगून रडली. इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"खुशी, लाईट आली, तुझा नमुना तपासला," सर म्हणाले. "नव्वद अंशाच्या आसपास वितळायला हवा होता, एकशे सत्त्याऐंशीला वितळला. बेंझोकेन झालंच नाही गं. ते अजून नुसतं आम्लच आहे, त्यानं काही सुन्न होत नाही."