लोनवरचा स्ट्रायकर

"बूट कशाला आणलेस मर्दा? टाळ्याच वाजवायच्यात की," थोरला भाऊ म्हणाला. मी पिशवी खुर्चीखाली सरकवली.

लीगची फायनल होती आणि मी गॅलरीत होतो. माझ्या क्लबला मी नको झालो, म्हणून त्यांनी मला हंगामापुरतं या छोट्या संघाला लोनवर दिलं. लोनवरच्या खेळाडूनं मूळ क्लबाविरुद्ध उतरायचं नाही, अशी अट होती. हा संघ फायनल गाठेल, असं तेव्हा कुणाला वाटलं होतं? पण सेमीफायनलला मी दोन गोल मारले, गतविजेत्यांना घरी धाडलं, आणि समोर आला माझाच क्लब.

आम्ही एका गोलनं मागे असताना शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. हंगामभर पेनल्टी मीच मारायचो. आज कॅप्टन पुढं आला. त्यानं एकदा वर, माझ्याकडं पाहिलं आणि चेंडू बारवरून घालवला.

करंडक उंचावून झाल्यावर माझ्या क्लबचे मॅनेजर वर आले. "आम्हाला धास्ती गतविजेत्यांची होती. तू त्यांना काढलंस, आमचं काम सोपं झालं," पाठ थोपटत ते म्हणाले. "चल, फोटोत ये. तू आपलाच."

मी गेलो. माझा पुढचा हंगाम त्यांच्याच हातात होता. समोर गवतावर आमचा कॅप्टन बसला होता. त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"हसा की राव, जिंकलाय तुम्ही!" फोटोवाला माझ्याकडं बघून ओरडला.

मी हसलो.