कामगिरी उत्तम

पोरगी भोकाड पसरून रडत होती आणि तळमजला तिच्याकडे पाठ करून बसली होती. योजनेत तसंच लिहिलं होतं. मुद्दा चौथा: रडणं लक्ष वेधून घेण्यासाठी आहे. बघू नये, बोलू नये, पाठ फिरवून बसावं. सलग तीस सेकंद शांतता झाली की मगच वळावं.

तळमजला हे काही तिला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. मुलांचं वागणं सुधारून देणाऱ्या त्या केंद्रात माणसं मजल्यांसारखी एकावर एक रचलेली होती. सगळ्यात खाली, प्रत्यक्ष मुलांसोबत बसणारी तंत्रज्ञ, म्हणजे ही. तिच्यावर सहायक विश्लेषक. त्यांच्यावर विश्लेषक मॅडम. त्यांच्याही वर डॉक्टरेटवाल्या मोठ्या मॅडम, ज्या फक्त भिंतीवरच्या फोटोत हसायच्या. जो जितका वर, त्याला पोरांबद्दल तितकं जास्त कळायचं आणि पोरं तितकी कमी दिसायची. तळमजल्याला ही सहा वर्षांची, न बोलणारी पोरगी रोज तीन तास दिसायची. तेव्हा तिला काही कळत नसणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. तिनंसुद्धा.

तिचं काम मोजायचं. किती वेळा रडली, किती मिनिटं रडली. योजनेतला स्वल्पविराम जरी हलवायचा तरी वरून मंजुरी हवी.

रडणं मात्र केंद्रात थांबायला तयार नव्हतं. ते तिच्यामागून घरी यायचं. मिक्सर लावला की मिक्सरमधून, नळ सोडला की नळातून. “अगं, शेजारचं मांजर असेल,” नवरा म्हणायचा. शेजारी मांजर नव्हतं.

तिनं वर विश्लेषक मॅडमना चिठ्ठी पाठवली. पोरीला जवळ घेऊ का? पाचच्या ठोक्याला स्क्रीनवर उत्तर आलं: ‘योजनेप्रमाणे चालू ठेवा. कामगिरी उत्तम.’ पोरगी उलटी होईपर्यंत रडली, असं कळवलं. ‘कामगिरी उत्तम.’ खुर्चीचा पाय मोडून मी स्वतःच आपटले, असं कळवलं. ‘कामगिरी उत्तम.’ मॅडम काय खंबीर आहेत, असं तिला वाटलं. वळायचं नुसतं मनात आलं तरी छतातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा मानेत टोचायचा. मग ती पुन्हा ताठ बसायची.

त्या दिवशी रडणं मध्येच तुटलं. तिनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नवावर तिच्या लक्षात आलं, मागून श्वाससुद्धा ऐकू येत नाहीये.

ती वळली.

पोरगी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. श्वास कोंडलेला, ओठ निळे. तळमजल्यानं तिला उचललं, पोटाशी धरलं, पाठीवरून जोरजोरात हात फिरवला. पोरीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसून एक लांबलचक श्वास घेतला. अजून एकवीस सेकंद बाकी होते. लाल दिवा बघत होता.

नोकरी गेली, असं तिनं धरूनच टाकलं. तास संपल्यावर तिनं पोरीला बाहेर आईकडे सोपवलं आणि तडक ऑफिस गाठलं. बोलावणं येण्याआधी आपणच कबूल केलेलं बरं.

“मॅडम आहेत का?” तिनं कारकुनाला विचारलं. “मी योजना मोडली. त्यांनी बघितलंच असेल.”

“कुठल्या मॅडम?” कारकून म्हणाला. “त्या तर सोडून गेल्या. तीन महिने होत आले.”

“मग रोज पाचला उत्तर कोण देतं?”

“कॉम्प्युटर. मीच लावून दिलंय तसं.” त्याची छाती जराशी फुगली. “तुमच्या चिठ्ठ्या तुंबायला लागल्या होत्या ना.”

“आणि सहायक?”

“ते मॅडमच्या मंजुरीची वाट बघतायत.”

“मोठ्या मॅडम?”

त्यानं फोटोकडे बोट दाखवलं.

“अहो, पण कॅमेरा...”

“दिवा लागतो की.”

“आणि माझी ती योजना? मुद्दा चौथा?”

त्यानं फाइल काढली, पान उलटलं. “ही दोनच आठवड्यांची होती. पुढचं बघून ठरवणार होत्या त्या. आता बघायलाच कुणी नाही म्हटल्यावर ठरवणार कोण?” तिचा चेहरा पाहून त्याला दया आली. “घाबरता कशाला, ताई? सुटलात! कुणीसुद्धा बघितलेलं नाही.”

तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच भीती वाटली. ती तशीच बाहेर आली.

पोरीची आई अजून बाकावर बसलेली होती. मांडीवर पोरगी. आईच्या उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी.

“ताई, एक विचारू का?” आई हळूच म्हणाली. “काल हातावर उकळतं पाणी सांडलं माझ्या. मी फरशीवर बसून रडत होते. ही आली. माझ्याकडे नीट बघितलं तिनं. मग आपली छोटी खुर्ची ओढत आणली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी गप्प होईपर्यंत हलली नाही. असं का करत असेल हो? तुमच्या वर जे कुणी असतील, त्यांना विचारून सांगाल का?”

पोरगी तळमजल्याकडे एकटक बघत होती.

“वर कुणी नाही,” तळमजला म्हणाली. “मीच होते.”