टिटवीचं पंचांग

अंडी दोनच होती. दत्तोबाने खाली वाकून पुन्हा पाहिलं, आसपासचे दगडगोटे चाचपले. म्हटलं, एखादं घरंगळलं असेल. काही नव्हतं. आंबील ओढ्याच्या कोरड्या काठावर खड्यांच्या खळग्यात ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी, आणि डोक्यावर टिटवी ऊर फुटेस्तोवर ओरडत होती. तो लांब होता तेव्हापासून तिचा हा आकांत चालला होता.

पर्वतीच्या पायथ्याच्या या गावात चैत्र लागला की दत्तोबाच्या घराण्यातला माणूस टिटवीची अंडी बघायला जाई. जितकी अंडी, तितके महिने पाऊस. पुण्याच्या पेठांतून यावर पुष्कळ हसू होई. "आमचं पंचांग जोशी वाचतात, त्यांचं टिटवी घालते," असं कुणी आप्पासाहेब शिमग्यात बोलले आणि ते बाजारभर झालं. हसोत बापडे. गेल्या साली जोश्यांनी पर्जन्य उत्तम सांगितला होता आणि टिटवीने एकच अंडं घातलं होतं. गावाने जोश्यांचं ऐकून पेरलं. पाऊस महिनाभर पडून जो गेला तो गेलाच, पेरलेलं मातीत गेलं. यंदाच्या पाडव्यालाही जोशी उत्तमच म्हणून गेले होते.

म्हणून सोनबा पाटलाने चावडीवर शब्द टाकला होता, यंदा टिटवी सांगेल ते. चार अंडी निघाली तर कणगीच्या तळाशी उरलेलं बियाणं मृगाला पेरायचं. कमी निघाली तर तेच बियाणं दळून, भाकऱ्या बांधून, घाट उतरून कोकणात जायचं. पेठांतली कोठारं गावासाठी कधीच बंद झाली होती.

दत्तोबाच्या घरात मैना अंथरुणाला खिळली होती. सहा वर्षांची पोर, अंगात ताप, आणि तापापेक्षा पोटात भूक मोठी. ती उभीसुद्धा राहत नव्हती. असलं पोर घाट उतरत नाही, हे सांगायला जोशी नको की टिटवी नको.

अंडी पाहिल्यापासून चावडीवर बोल सांगेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, अशी घराण्याची चाल होती. पण वाट घरावरून जात होती आणि पाय आपोआप वळले.

मैना आज भिंतीला टेकून बसली होती. कपाळ गार होतं. तिने बापाकडे पाहून चक्क हसून दाखवलं. दत्तोबाचे डोळे भरून आले. देवीचा अंगारा लागला म्हणायचा, पण किती उशिरा लागला! उद्या याच पोरीला घाटात न्यायचं होतं.

तुळजाबाई चुलीतली राख ओढून सारखी करत होती. नवऱ्याचा चेहरा पाहून ती उठली.

"दोनच?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"चार सांगा," ती म्हणाली.

दत्तोबा तिच्याकडे बघतच राहिला. दहा वर्षांच्या संसारात या बाईने त्याला कधी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

"आवं, पाया पडते. चारच सांगा. ऐकून तरी घ्या माजं..."

त्याने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तो बाहेर पडला.

चावडीपर्यंतची वाट त्याला खायला उठली. तुळजाबाईवर त्याला राग आला नाही. आईच ती, तिने मागितलं तेच त्याचंही काळीज मागत होतं. चार म्हटलं की पोर घरात राहील, बरी होईल. आणि पाऊस आलाच नाही तर? बियाणं मातीत, कणगी रिकामी, मग पळायलाही कुणाच्या पायात बळ उरणार नाही. शेजारच्या हेमाच्या घरी तान्हं होतं. सोनबाची म्हातारी होती. एका पोरीसाठी सगळ्या गावाची माती करायची?

"दोन," तो चावडीवर म्हणाला. "दोनच हायेत."



"नीट पाह्यलंस न्हवं?" सोनबाने विचारलं.

"नीट पाह्यलं, पाटील."

"घरात पोर आजारी असून खरं बोललास," सोनबा म्हणाला. "गाव इसरायचं न्हाई."

त्या संध्याकाळी घरोघर जाती फिरू लागली. गावाचं बियाणं पीठ होऊन सुपात पडत होतं. तुळजाबाईही दळत होती आणि दळताना रडत होती. दत्तोबा जवळ जाऊन बसला.

"मला खोटं बोलवलं न्हाई गं," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं, सुपातल्या पिठाकडे पाहिलं आणि मिटलं. "आता बोलून काय," एवढंच म्हणाली, नि पुन्हा खुंटा धरला.

सकाळी गाव निघालं. सोनबाने मारुतीच्या देवळाचं दार लोटून घेतलं, त्यावर डोकं टेकलं. मैनाला दत्तोबाने खांद्यावर घेतलं. तिने त्याच्या मुंडाशाला घट्ट धरलं होतं. एवढं बळ तिच्या हातात आलेलं पाहून त्याला जरा धीर आला. पोर तरेल. खरं बोलणाऱ्याचं देव वाईट करत नाही, असं तो मनाशी म्हणाला.

ओढा ओलांडताना टिटवी पुन्हा त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मागे तुळजाबाईची पावलं थांबली.

"बा, ती माज्यावर रागावलीया," मैना म्हणाली.

"तुज्यावर कशापायी गं?"

मैना त्याच्या कानाशी वाकली. "तिची दोन अंडी म्या खाल्ली न्हवं का. पर आय म्हनली, चारी घ्यायची न्हाईत, दोन तिला ठिवू."