लाल ठिपका

बाजाराचा रस्ता सगळ्यांनी मिळून नव्याने आखायचा होता. त्यासाठी सभेत भिंतभर त्याच रस्त्याचं चित्र लावलं होतं. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. नगरपालिकेच्या बाईंनी आम्हा बायकांच्या हातात एकेक लाल ठिपका दिला आणि म्हणाल्या, "जिथे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तिथे चिकटवा. तिथलं काम आधी करू."

"आमच्या रस्त्यावर कसली आलीय भीती? उगाच खूळ," कापडवाले म्हणाले. ते व्यापाऱ्यांचे म्होरके. त्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नाही. तरी आम्ही उठलो. कोणी अंधाऱ्या बोळावर ठिपका लावला, कोणी बंद छापखान्याच्या कोपऱ्यावर.

"एवढंच ना? दोन दिवे मी लावून देतो, विषय संपला," कापडवाले हसले. तेवढ्यात त्यांची बायको उठलेली त्यांना दिसली. "तू कुठे निघालीस? राणीसारखी ठेवलीय तुला. बस खाली."

वहिनी बसल्या नाहीत. चित्रावरून त्यांचं बोट बोळ ओलांडून गेलं, छापखाना ओलांडून गेलं आणि नवऱ्याच्या दुकानावर येऊन थांबलं.



मग त्यांनी हात जरासा वर नेला आणि दुकानावरच्या स्वतःच्या घरावर तो ठिपका अंगठ्याने दाबून चिकटवला.