निर्धोक पाणी

काचेच्या पेटीतून टक् असा आवाज आला. दाजी कोळ्याने खांद्यावरचा कॅन फरशीवर ठेवला आणि वाकून आत पाहिलं.

डोंबिवलीतल्या या ब्लॉकमध्ये त्याची बायको सगुणा भांडी घासायची. साहेब केमिकल कारखान्याच्या लॅबचे मुख्य. त्यांनी हौसेने मुंबईहून आणलेल्या समुद्री दगडात लपून काहीतरी आलं होतं, आणि त्याने पेटीतले चार मासे संपवले होते. दाजीला बोलाव, येताना समुद्राचं पाणीही आण म्हणावं, असा निरोप होता.

"कोलंबी नाय ही," दाजी म्हणाला. "हात बघा. खंडोबाच्या किड्यासारखं, नमस्कार केल्यावानी दुमडलेलं. आपले खारीत ह्याचा भाऊ असायचा, चिखलातला. त्याचे हाताला काटं, तो भोसकायचा. ह्याचं हात गोट्यावानी. ह्यो ठोसा मारून फोरतो. दगडातला हाय."

साहेबांनी इंग्रजी पुस्तक उघडलं. चित्र जुळलं. "बरोब्बर! तुमच्यात काय म्हणतात याला?"

"बाजारात भाव नाय, मंग नाव कोन ठेवतं? तो चिखलातला जाल्यात टोपलीभर यायचा, परत फेकायचो. आता डोल्याला दिसत नाय."

"याला आता एकटा ठेवायचा. खास पेटी करून घेतो, जाड काचेची. लपायला पाइपसुद्धा." साहेबांनी कॅनकडे पाहिलं. "पाणी कुठलं आणलंस?"

"खारीचं. आमचे घराखालचं."

"वेडा आहेस का? तासभर टिकणार नाही तो त्यात. उत्तनला जा, भर समुद्रातलं आण."

दाजीचा हात कॅनच्या बुचावर गेला. गेल्या महिन्यात त्याच्या घराखालच्या त्याच खाडीभर मेलेली मासळी तरंगली होती. गावाने साहेबांच्या कारखान्याविरुद्ध अर्ज केला, तर कारखान्याने कागद पुढे केला: खाडीचे पाणी मासळीस निर्धोक आहे. खाली याच साहेबांची सही, शिक्का, १२ मार्च १९९१. परवा कल्याणला सुनावणी होती. त्याच कागदावर गावाचं तोंड बंद होणार होतं.

त्याने बूच काढलं. कॅन उचलून तोंड पेटीच्या काठाला लावलं. आतला प्राणी एक डोळा इकडे, एक तिकडे फिरवत होता.

"तुमचा कागद खरा, साहेब. म्हनून वततो."

साहेबांनी दोन्ही हात पेटीवर आडवे घातले. "नको! मरेल तो, दाजी!"

"परवा हेच बोलाल?"

"ते वेगळं. तिथे कंपनीचा प्रश्न आहे." साहेबांनी हात काढले नाहीत. आवाज मात्र खाली आला. "तुझी बायको इथे कामाला आहे, विसरू नकोस."

सगुणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कोपरापर्यंत फेस.

"आयकलंस ना गो?" दाजीने विचारलं. "मरल म्हनाले. परवा तू साक्ष द्यायची."

सगुणाने हातातलं ओलं पातेलं साहेबांच्या उघड्या पुस्तकावर ठेवलं. पदराला हात पुसले.

"मी आयकलं," ती म्हणाली. "माजं कोन आयकल?"