वाचलेलं देऊळ

दरड कोसळून तिसरा दिवस होता. डोंगराखालची एकोणीस घरं चिखलात गाडली गेली. मधोमध उभ्या देवळाचं मात्र कौलसुद्धा हललं नव्हतं. लांबलांबून लोक गाड्या करून येत होते आणि "केवढा चमत्कार!" म्हणत पायरीवर नारळ फोडत होते.

भिवा गुरवाने चाळीस वर्षं त्या देवाची पूजा केली होती. त्याची सून आणि नात अजून सापडल्या नव्हत्या. पाणी प्यायला तो चिखलातून वर आला, तर एका बाईने त्याच्यापुढे आरतीचं तबक धरलं.

"गुरवकाका, आरती तुम्हीच करा. देवाने सत्त्व दाखवलं!"

भिवाने तबक बाजूला सारलं. त्याने गाभाऱ्यात पाहिलं. मूर्तीवर चिखलाचा शिंतोडाही नव्हता.

"सरपंचाने स्वतःचं घर तेवढं वाचवून गाव मरू दिलं असतं, तर त्याच्या तोंडावर थुंकला असतात ना? मग ह्याला नारळ कसले फोडता?"

कमरेची किल्ली पायरीवर टाकून तो खाली उतरला. त्याने फावडं उचललं, तोच वर घंटा वाजली. आरती दुसऱ्याच कुणी सुरू केली होती.